कॅटफिश कधी काढायचा? वय, वाढ आणि मांसाचा दर्जा यांचा हिशेब

मासा किती महिन्यांचा झाला की काढायचा, असं कुणी विचारलं की उत्तर पटकन मिळतं: सहा महिने, आठ महिने, वर्ष. पण नुसत्या महिन्यांवरून काही ठरत नाही. कॅटफिश मरेपर्यंत थोडाथोडा वाढतच राहतो. त्यामुळे ‘वाढ थांबली, आता काढा’ असा दिवस कधी उगवत नाही. बदलतं ते एवढंच की खाद्याचं काय होतंय. लहानपणी त्याचं मांस होतं, पुढे चरबी होते, मग गाबोळी होते, आणि नरांच्या बाबतीत बरंचसं डोक्यात जातं. हा बदल तुमच्या तळ्यात किंवा टाकीत नेमका कधी सुरू होतो ते ओळखणं, हेच खरं काम. माझ्या मते बहुतेक जण मासा उशिराच काढतात. शेवटचा पाव हिस्सा वजन सगळ्यांत महाग पडतं आणि चवीलाही बहुधा तेच सगळ्यांत हलकं असतं.

पायरी १: आपली जात वयात कधी येते ते आधी पाहा

कॅटफिश म्हणजे एक मासा नव्हे. अमेरिकेत तळ्यांमधून पाळला जाणारा चॅनल कॅटफिश साधारण दोन-तीन वर्षांचा झाल्यावर प्रजननाला तयार होतो. पंगासचा नर साधारण दोन वर्षांनी आणि मादी तीन वर्षांनी तयार होते. आफ्रिकन मांगूर मात्र टाकीतल्या उबदार पाण्यात वर्षाच्या आतच गाबोळी धरतो, कधीकधी सात-आठ महिन्यांतच. देशी मागूर आणि शिंगी साधारण वर्षभरात तयार होतात.

याचा सरळ अर्थ असा, की पंगास आणि चॅनल कॅटफिश विक्रीच्या वजनाला पोचतात तेव्हा बहुधा अजून ‘पोरसवदा’ असतात. त्यांच्या बाबतीत चरबीची काळजी जास्त करायची. आफ्रिकन मांगुराचं वजन आणि वयात येणं जवळजवळ बरोबरच चालतं, म्हणून तिथे गाबोळीकडे लक्ष ठेवायचं. (या जातीवर भारतासह काही ठिकाणी बंदी आहे. बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, घेण्याआधी कायदा पाहून घ्या.)

पायरी २: दिवस मोजा, पण उबदार दिवस मोजा

मासा थंड रक्ताचा. त्याचं घड्याळ पाण्याच्या तापमानावर चालतं. चॅनल कॅटफिशची वाढ २६ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान सगळ्यांत चांगली होते. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की त्याची भूक मंदावते आणि १० अंशांच्या आसपास तो खाणं जवळपास सोडतो. पंगास आणि मांगूर थंडीला याहून कच्चे. म्हणजे वर्षभर उबदार राहिलेल्या टाकीतला आठ महिन्यांचा मासा आणि थंडीचे चार महिने काढलेला आठ महिन्यांचा मासा, हे कागदावर एका वयाचे असले तरी वाढीच्या हिशेबात एका वयाचे नाहीत.

त्यासाठी एक साधी वही ठेवा. बीज सोडल्याची तारीख, सोडताना सरासरी वजन, आणि रोज सकाळ-संध्याकाळचं पाण्याचं तापमान. सरासरी २४ अंशांच्या वर राहिलेले दिवस वेगळे मोजत जा. पुढच्या तुकडीशी तुलना करताना नुसत्या महिन्यांपेक्षा हा आकडा कितीतरी उपयोगी पडतो.

वही नसेल आणि मासा किती वयाचा हे कळायलाच हवं असेल, तर काम अवघड होतं. इतर माशांचं वय खवल्यांवरच्या वलयांवरून काढतात. कॅटफिशला खवलेच नाहीत. म्हणून छातीजवळच्या पराचा (कल्ल्यामागच्या पंखाचा) जाड काटा आडवा कापून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि वलयं मोजतात. गंमत अशी, की वय वाढतं तसा काट्याच्या मधला पोकळ भाग रुंदावतो आणि पहिल्या वर्षाचं वलय खाऊन टाकतो. त्यामुळे म्हातारा मासा प्रत्यक्षाहून तरुण ठरतो. कानातल्या खड्यावरून, म्हणजे ओटोलिथवरून, काढलेलं वय जास्त खात्रीचं असतं. आणि ज्या टाकीत बारा महिने एकसारखं तापमान असतं तिथे ही वलयं नीट उमटतही नाहीत. एवढा खटाटोप करण्यापेक्षा वही बरी.

पायरी ३: दर पंधरा दिवसांनी नमुना काढा

या पायरीवर बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

खाद्य टाकण्याआधी, सकाळी नमुना घ्या. खाद्य टाकून जाळं फेकलं तर जे धीट आणि मोठे तेच वर येतात आणि सरासरी फुगते. तळं असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून मासे घ्या. पन्नास ते शंभर मासे पुरेत. सगळे एकत्र तोलून सरासरी काढता येते, पण निदान वीस-पंचवीस मासे तरी एकेक करून तोला. कारण नुसती सरासरी पाहून तुकडी एकसारखी आहे की अर्धे मासे मोठे आणि अर्धे खुरटलेले आहेत, ते समजत नाही.

आता आकडेमोड. रोज किती ग्रॅम वाढ झाली, एवढंच पाहिलं तर फसगत होते. समजा एका नमुन्यात सरासरी वजन पंधरा दिवसांत १२० ग्रॅमवरून १६५ ग्रॅमवर गेलं. रोजची वाढ ३ ग्रॅम. पुढे काही महिन्यांनी तेच मासे पंधरा दिवसांत ७०० वरून ७७० ग्रॅमवर गेले. रोजची वाढ जवळपास पावणेपाच ग्रॅम. वरवर पाहता मासा आता जास्त जोमानं वाढतोय. पण वाढीचा दर काढा: नव्या वजनाला जुन्या वजनानं भागा, उत्तराचा नैसर्गिक लॉग घ्या, दिवसांनी भागा आणि शंभरानं गुणा. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ हे बटण असतं, तेच वापरायचं. पहिल्या वेळी उत्तर येतं रोज २.१ टक्के. दुसऱ्या वेळी ०.६ टक्के. ग्रॅम वाढले, दर मात्र तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आला.

खाद्याचंही तसंच. लहान असताना वजनाच्या ३ टक्के खाद्य दिलं असेल, तर पंधरा दिवसांत प्रत्येक माशाला सुमारे ६४ ग्रॅम खाद्य गेलं आणि ४५ ग्रॅम वाढ मिळाली. म्हणजे एफसीआर (एक ग्रॅम वाढीला किती ग्रॅम खाद्य लागलं तो आकडा) १.४. मोठेपणी दीड टक्काच दिलं तरी सुमारे १६५ ग्रॅम खाद्य गेलं आणि वाढ मिळाली ७० ग्रॅम. एफसीआर २.४. हे आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, तुमचे वेगळे येतील, पण त्यांची दिशा हीच असेल.

असं का होतं? एक कारण उघड आहे. मोठ्या शरीराला नुसतं जिवंत राहायलाच जास्त खाद्य लागतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. मासा स्नायू वाढवतो तेव्हा एक ग्रॅम प्रथिनाबरोबर तीन-चार ग्रॅम पाणीही बांधून ठेवतो, म्हणजे थोड्या खाद्यात बरंच वजन वाढतं. चरबीत मात्र पाणी जवळपास नसतं, आणि एक ग्रॅम चरबीत प्रथिनाच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा साठते. म्हणून मासा चरबी धरू लागला की खाद्य भरपूर जातं आणि काटा फारसा हलत नाही.

पायरी ४: महिन्यातून एकदा चार मासे कापून पाहा

वजनकाट्याला मासा कळतो, मांस कळत नाही. नमुन्यातले सरासरी वजनाचे चार-पाच मासे घ्या आणि साफ करताना प्रत्येक भाग वेगळा तोला: डोकं, आतडी, आतड्याभोवतीची चरबी, गाबोळी किंवा नराची जननग्रंथी, आणि शेवटी साल काढलेलं फिलेट, म्हणजे काट्यांवेगळं काढलेलं मांस. प्रत्येकाचा एकूण वजनाशी टक्का काढून वहीत लिहा.

पोट उघडल्यावर काय पाहायचं? तरुण, नीट वाढलेल्या माशात आतड्याभोवती चरबीचे पातळ धागे दिसतात आणि आतड्याची वेटोळी स्पष्ट कळतात. चरबी वाढू लागली की ती पांढऱ्या किंवा पिवळसर गाद्यांसारखी साचते आणि आतडी तिच्यात बुडतात. पोटाखालचा पातळ पडदा बोटांत धरून पाहा. तो जाड आणि तुळतुळीत लागला तर चरबी मांसातही उतरायला लागली, असं समजा. मादीत गाबोळीचे दोन्ही लोळे भरलेले असतील आणि दाणे सुटे दिसत असतील, तर तुम्हाला उशीर झालेला आहे.

समजा ७०० ग्रॅमच्या माशातून २९४ ग्रॅम फिलेट निघालं. म्हणजे ४२ टक्के. पुढे १४०० ग्रॅमच्या मादीतून ५०४ ग्रॅम निघालं, म्हणजे ३६ टक्के, आणि बाजूला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम गाबोळी. मधल्या काळात दिलेल्या खाद्यातून वजन ७०० ग्रॅमनं वाढलं, फिलेट मात्र २१० ग्रॅमनंच. त्या वाढलेल्या वजनाचा फिलेटशी हिशेब केला तर जेमतेम ३० टक्के. गाबोळीला गिऱ्हाईक असेल तर गोष्ट वेगळी.

नरांचा प्रकार निराळा. चॅनल कॅटफिशचा नर मादीपेक्षा जास्त वजन धरतो, म्हणून तरुणपणी तो फायद्याचा. वयात आल्यावर मात्र त्याचं डोकं रुंद आणि जाड होतं, अंग काळवंडतं. हे डोकं साफ करताना फेकलंच जातं. शिवाय विणीच्या काळात नर घरट्यावर पहारा देतो, अंड्यांवर पर हलवत राहतो, खाणं सोडतो आणि वाळतो. अशा वेळी काढलेल्या नराच्या मांसात पाणी जास्त आणि चव कमी.

पायरी ५: वयाप्रमाणे मांसात काय बदलतं

कॅटफिशच्या मांसात प्रथिनांचं प्रमाण साधारण १५ ते १८ टक्क्यांच्या दरम्यान बऱ्यापैकी स्थिर राहतं. हलतं ते पाणी आणि चरबी. एक वाढलं की दुसरं कमी होतं. थोडी चरबी हवीच, तिच्यामुळे मांस रसदार लागतं. पण ती प्रमाणाबाहेर गेली की तीन गोष्टी होतात.

पहिली, टिकाऊपणा घटतो. बाजूच्या रेषेखाली लालसर-तपकिरी मांसाचा पट्टा असतो, तो मोठ्या माशात जास्त उठून दिसतो आणि त्यात चरबी जास्त असते. फ्रीजरमध्येही ही चरबी हवेशी संयोग पावत राहते, म्हणून खवटपणा आधी तिथून सुरू होतो. मोठे मासे गोठवायचे असतील तर हा पट्टा आणि पोटाचा पडदा काढूनच गोठवा.

दुसरी, रंग. मक्याच्या खाद्यातली पिवळी द्रव्यं चरबीत साठतात आणि जितके महिने खाद्य तितकी साठवण. चॅनल कॅटफिशच्या खाद्यात झँथोफिल या द्रव्याचं प्रमाण किलोमागे ११ मिलिग्रॅमच्या वर गेलं की फिलेट पिवळं दिसू लागतं, म्हणून तिथे मक्याचं ग्लुटेन मोजूनमापून वापरतात. पंगासमध्येही पिवळं मांस कमी दर्जाचं धरलं जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे चिखलट वास. त्याचं पुढे सांगतो.

पोताचं गणित जरा गुंतागुंतीचं आहे. मासा दोन प्रकारे स्नायू वाढवतो: नवे तंतू तयार करून आणि असलेले तंतू जाड करून. लहानपणी दोन्ही चालतं. वय वाढतं तसं नवे तंतू कमी होत जातात आणि जुनेच फुगतात. तंतू बारीक असतील तर मांस घट्ट लागतं, जाड झाले की मोकळं आणि भरड. वयाबरोबर तंतूंना बांधणाऱ्या कोलॅजेनचे आडवे धागेही पक्के होतात, पण माशाचं कोलॅजेन शिजताना लवकर विरघळतं, त्यामुळे म्हाताऱ्या बोकडासारखा चिवटपणा इथे येत नाही. म्हाताऱ्या कॅटफिशची खरी तक्रार चिवटपणाची नसतेच. ती असते चरबीची, वासाची आणि भरडपणाची.

पायरी ६: खाद्य वयाप्रमाणे बदला

पिल्लांना ४५ ते ५० टक्के प्रथिनं लागतात, बोटाएवढ्या झालेल्या बोटुकलीला ३५ ते ४०. त्यापुढे चॅनल कॅटफिश आणि पंगासला २८ ते ३२ टक्के पुरतात, मांगुराला याहून थोडी जास्त. शेवटच्या टप्प्यात खर्च वाचवायला नुसता कोंडा-पेंड किंवा कत्तलखान्यातला टाकाऊ भाग टाकायची पद्धत दिसते. हे करू नका. प्रथिनं कमी आणि ऊर्जा जास्त असं खाद्य म्हणजे चरबी वाढवण्याचीच सोय आहे. सडलेल्या टाकाऊ मालानं पाणी बिघडतं आणि रोगजंतूही येतात. मोठ्या माशाचं खाद्य स्वस्त करण्यापेक्षा कमी करा. दिवसाला दीड टक्का पुरतो. वीस मिनिटांत संपत नसेल तर तेवढंही देऊ नका.

पायरी ७: एकदम नाही, टप्प्यानं काढा

एकाच दिवशी सोडलेल्या बीजातही काही मासे पुढे धावतात आणि काही मागे राहतात. मागूर-मांगुराच्या पिल्लांत तर पुढे गेलेले बाकीच्यांना खातातही. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत दोन-तीन वेळा आकारानुसार निवड करा. पुढे ठरलेल्या वजनाला पोचलेले मासे आधी काढा. गर्दी कमी झाली की मागचे सावरतात.

तळ्यात दरवर्षी थोडे काढून नवं बीज सोडत गेलात तर एक अडचण हटकून येते. जाळ्यातून निसटणारे मासे दरवर्षी निसटतातच. दोन-तीन वर्षांनी ते भले मोठे होतात, लहानांचं खाद्य हिसकावतात आणि गिऱ्हाइकाला हव्या त्या आकारात बसत नाहीत. काही वर्षांनी एकदा तळं पूर्ण उपसून रिकामं करणं, हाच त्यावरचा खात्रीचा इलाज.

खुरटलेल्यांबद्दलही एक सांगतो. सहा महिन्यांचा ३०० ग्रॅमचा आणि चौदा महिन्यांचा ३०० ग्रॅमचा मासा बाजूबाजूला ठेवले तर सारखेच दिसतात. पण दुसऱ्याच्या पोटात गाबोळी असू शकते. कमी खाद्यामुळे खुरटला असेल तर पोटभर मिळताच काही काळ झपाट्यानं भरून काढतो. जातच मंद असेल तर खाद्य वाया जातं. महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून वाढीचा दर काढा, निकाल तेवढ्यात लागतो.

पायरी ८: काढण्याआधी वास तपासा, मग स्वच्छ पाण्यात निवळू द्या

चिखलट वास चिखलामुळे येतो असं वाटतं, पण तो येतो जिओस्मिन आणि एमआयबी या दोन द्रव्यांमुळे. पाण्यातली काही निळी-हिरवी शेवाळं आणि काही जिवाणू ती तयार करतात. किलोभर मांसात एक मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असली तरी माणसाच्या नाकाला कळतात. कल्ल्यांतून ती काही तासांत शिरतात आणि चरबीत जाऊन बसतात. बाहेर पडायला मात्र दिवसच्या दिवस लागतात. चरबी जितकी जास्त आणि पाणी जितकं थंड, तितका वेळ जास्त. वयस्क मासा इथे सगळ्यांत जास्त त्रास देतो तो याचमुळे.

तपासणी अशी करा. काढणीच्या दोन आठवडे आधी, मग दोन-तीन दिवस आधी आणि काढणीच्या दिवशी, दर वेळी दोन-तीन मासे घ्या, त्यातला एक तरी मोठा असावा. शेपटीकडचा तुकडा सालीसकट, मीठ-मसाला काही न लावता कागदी पिशवीत घालून मायक्रोवेव्हमध्ये शिजवा. नसेल तर झाकण लावून वाफवा. उघडताक्षणी पहिला वास घ्या, मगच चव. हे काम तंबाखू न खाणाऱ्या माणसाकडे द्या. दर वेळी तोच माणूस असेल तर आणखी चांगलं.

वास आला तर मासे शेवाळ नसलेल्या स्वच्छ, वाहत्या पाण्यात उपाशी ठेवा. उबदार पाण्यात सडपातळ मासा तीन-चार दिवसांत निवळतो. चरबीवाल्याला आठवडा, कधी त्याहून जास्त. या काळात वजन घटतं, ते हिशेबात धरा. रोज एक तुकडा शिजवून पाहा, ठरावीक दिवसांवर विसंबू नका.

वास नसला तरी काढणीआधी २४ तास खाद्य बंद ठेवायचंच. पोट रिकामं असलं की वाहतुकीचं पाणी स्वच्छ राहतं आणि साफसफाईत मांस घाण होत नाही. जाळ्यात फार वेळ तडफडलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, तो लवकर ताठरतो आणि फिलेट मऊ पडून फाटतं. म्हणून पहाटेच्या गारव्यात काढा, बेशुद्ध करून कल्ल्याजवळ कापा, थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं रक्त जाऊ द्या आणि लगेच बर्फात घाला. मोठ्या माशात रक्त जास्त असतं. ते नीट गेलं नाही तर फिलेटवर गुलाबी डाग राहतात.

मागे राहिलेल्या थोराड माशांचं काय?

ते लहान माशांच्या मालात मिसळू नका. एकाच खोक्यातल्या एका वासट तुकड्यानं अख्खा माल बदनाम होतो. पोटाचा पडदा, लाल पट्टा आणि सालीखालची चरबी काढून उरलेलं मांस कुटून वापरायला किंवा धूर देऊन टिकवायला चांगलं असतं. भरड पोत तिथे जाणवत नाही.

बीज तयार करायला तेच ठेवावेत असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. चॅनल कॅटफिशची तीन ते सहा वर्षांची मादी त्यासाठी योग्य असते खरी, पण मासा मोठा आहे म्हणजे वेगानं वाढला असं नाही. तो नुसता जाळ्यातून निसटत राहिलेला असू शकतो. प्रजननाचे मासे तरुण तुकडीतूनच निवडा, जिथे सगळ्यांची जन्मतारीख एक आहे आणि पुढे कोण गेलं ते वहीत लिहिलेलं आहे. नर आणि मादी वेगवेगळ्या तुकड्यांतले घ्या. एकाच जोडीची संतती पुन्हा आपसात वापरली तर दोन-तीन पिढ्यांत वाढ घटलेली दिसू लागते, आणि मग दोष खाद्याला दिला जातो.